पाचवं कडवं

आमच्या नानांच्या प्रत्येक गाण्याला पाच कडवी असत, आणि पाचवं कडवं म्हणजे त्यांची सही. नाना म्हणजे माझे वडील. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजघरात ते कोळसा खात्यात कामगार होते. सुटीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी असायची. एक पेटी, एक ढोलकी, दोन झांजा आणि मागून सूर धरणारे चौघं. जयंती असो, लग्न असो, नामकरण असो, कुठल्याही वस्तीतून बोलावणं आलं की पार्टी निघालीच. पार्टीला पैसे किती मिळायचे ते विचारू नका, जेवण मात्र भरपेट मिळायचं.

पार्ट्यांमधली रीत अशी, की गाणं लिहिणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, जमलं तर गावही. कारण ही गाणी छापली जात नसत. आज आमच्या कॉलनीत गायलेलं गाणं उद्या मनमाडची पार्टी गायची, परवा संगमनेरची. कुणी वही मागत नसे, नुसतं ऐकून उचलायचे. पण गाणं कितीही लांब गेलं तरी त्यातलं नाव काढायचं नाही, हा कायदा होता. एका गवयानं दुसऱ्याचं नाव काढून स्वतःचं घातलं होतं, त्याला नंतर कुठल्या वस्तीत कुणी प्यायला पाणी विचारलं नाही. "गाणं कुणाचं?" असं आमच्यात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "शेवटचं कडवं ऐक की."

मी तेव्हा वीस वर्षांची. मॅट्रिक झाले, नाशिकरोडला मराठी टायपिंग शिकले आणि वीजघराच्या कल्याण कार्यालयात रोजंदारीवर टायपिस्ट म्हणून लागले. ऐंशी साल मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं अक्षर वाईट आणि तोंड त्याहून वाईट, असं आई म्हणायची. अक्षराचा प्रश्न मशीननं सोडवला, तोंडाला मात्र इलाज नव्हता. साहेबांनासुद्धा मी उलट उत्तर द्यायचे. ते बिचारे हसायचे आणि कागद पुढे सरकवायचे.

एक दिवस तो कागद आला. परदेशात कुठेतरी कामगारांच्या गाण्यांची स्पर्धा भरणार होती. एका देशाचं एकच गाणं. आपल्या देशाचं कुठलं, ते ठरवायची पद्धत दोन पानांत दिली होती. प्रत्येक कारखान्यानं एक गाणं निवडायचं. मग नाशिकला जिल्ह्याची फेरी, मग मुंबईला राज्याची, आणि शेवटी दिल्लीला सगळ्या राज्यांची गाणी ऐकून एक निवडणार. गाणं कामाविषयी हवं, सिनेमाच्या चालीवर नको, तीन मिनिटांच्या वर नको. शब्दांच्या पाच प्रती टाइप करून फॉर्मबरोबर जोडायच्या.

साहेब म्हणाले, "एवढ्या मोठ्या देशाचं एक गाणं? आपल्या कॉलनीत पाण्याच्या टाकीवरून दोन तट आहेत."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कारखान्याचं तरी ठरवा. देशाचं दिल्लीवाले बघतील."

आमच्या वीजघरातून तीन गाणी आली. दोन ओळखीच्या सिनेमांच्या चालींवर होती, नुसते शब्द बदललेले. एकात तर बदलायचे राहूनच गेले होते आणि मध्येच सजणीचे डोळे आले. राहिलं नानांचं. तसं नानांचंही अर्धं भांडार सिनेमाच्या चालींवरच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे गाणं वेगळं होतं. हा पाळणा होता.

कोळशाची वॅगन, तिला रेल्वेच्या मराठीत वाघीण म्हणतात, ती वीजघरात आली की एक भलंमोठं यंत्र तिला धरून हळूच कुशीवर वळवतं आणि सगळा कोळसा खाली ओततं. नाना रोज तेच बघायचे. बघता बघता त्यांना वाटलं, कुणीतरी पाळणा हलवतंय. घरी आले, आंघोळसुद्धा न करता दारात बसले आणि आईला म्हणाले, "ऐक."

नीज नीज रे कोळशा, वाघिणीच्या पाळण्यात,
तुझ्या पोटचा उजेड, नको सांडू अंगणात.

चाल त्यांच्या आईची होती. ती नानांना झोपवायची तीच. दुसरं कडवं हातांचं, तिसरं धुराड्याचं. चौथं मला फार आवडायचं, आणि नानांना तर त्याहून:

गावोगाव तारा गेल्या, खांब उभे रानोमाळ,
माझ्या आईच्या घराला, कंदिलाची संध्याकाळ.

हे खरं होतं. आमची आजी सिन्नरच्या पलीकडे गावी राहायची, तिच्या वस्तीत वीज आली नव्हती. मुलगा वीजघरात आणि आई कंदिलाच्या काचा पुसतेय. ती गेली तेव्हासुद्धा तिच्या उशाशी कंदीलच होता. हे कडवं म्हणताना नाना डोळे मिटायचे. आणि मग पाचवं कडवं, त्यात नानांचं नाव, गावाचं नाव.

निवड झाली. दुपारच्या सुटीत नाना फॉर्म भरायला माझ्या टेबलाशी आले. अंगभर कोळशाची पूड होती. खुर्चीवर बसले नाहीत, डाग पडेल म्हणून उभेच राहिले. मी एकेक रकाना विचारत गेले.

"भाषा मराठी. संगीत कुणाचं?"

"आईची चाल हाय. तिला तिच्या आईनं दिलेली."

"मग पारंपरिक," असं म्हणून मी तसं टाइप केलं. "कवीचं नाव?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की पोरगी टायपिंग शिकली आणि अक्कल विकून आली. म्हणाले, "गाण्यात हाय की."

मी टाइप केलं: गाण्यात आहे.

आज हे सांगताना मलाच हसू येतं आणि लाजही वाटते. पण देवाशपथ सांगते, त्या घडीला मला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. उलट मी नेमकं उत्तर लिहिलं म्हणून खूश होते. गाण्याचे शब्द सोबत जोडलेच होते, पाचही कडवी. वाचणारा शेवटचं कडवं वाचेल, त्याला नाव सापडेल. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही तसंच करतं. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

नाशिकच्या फेरीला आम्ही द्वारका चौकात एसटीतून उतरलो आणि पेटी खांद्यावर घेऊन सभागृहापर्यंत चालत गेलो. मी आता पार्टीची कारकून झाले होते, सगळे कागद माझ्याकडे. तिथे सतरा-अठरा कारखान्यांची गाणी झाली. नानांचं गाणं चार मिनिटांचं झालं, पण कुणी घड्याळ लावलं नव्हतं. ऐकणाऱ्यांत एक बाई डोळे पुसत होत्या. जिल्ह्याचं गाणं म्हणून आमचं नाव पुकारलं तेव्हा पेटीवाल्या काकांनी नानांना कडकडून मिठी मारली आणि पेटी जवळजवळ खाली पाडली.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे टेबलामागे पाच जण बसलेले, आणि एका किडकिडीत गृहस्थाच्या हातात थांबवायचं घड्याळ. नानांनी गाणं पूर्ण गायलं. त्या माणसानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "गाणं सुंदर आहे, पण चार मिनिटं होतात. नियमात बसत नाही. एक कडवं काढून परत म्हणा, म्हणजे पुढे पाठवता येईल. दहा मिनिटं देतो."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "नाशिकला कुणी काढायला लावलं नाही."

तो म्हणाला, "ताई, मी नियम केला नाही. मी फक्त घड्याळ बघतो."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. नाना बोटांवर कडवी मोजत होते. पहिलं काढलं तर पाळणाच राहत नाही. हात काढले तर कामगार राहत नाही. धुराडं काढलं तर वीज कुठून आली ते कळत नाही. राहिली दोन बोटं, चौथं आणि पाचवं. ती दोन बोटं धरून ते बराच वेळ उभे राहिले. पेटीवाले काका म्हणाले, "नाव काढू नका हो, रीत नाही ती." नानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "फॉर्मवर माझं नाव हाय ना?"

माझं लक्ष अजून त्या घड्याळवाल्यावर होतं. तो रकाना मी भरला होता एवढं मला आठवत होतं, रिकामा नव्हता. मी फटकन म्हटलं, "आहे."

"बघ बरं, नक्की?"

"आहे म्हटलं ना."

"मंग पाचवं काढा," नाना म्हणाले.

आत जाऊन त्यांनी चारच कडवी म्हटली. चौथ्याशी थांबताना त्यांचा गळा जरा अडखळला, सवयीनं पुढे जायला निघाला होता. घड्याळवाल्यानं मान डोलावली. माझ्या टाइप केलेल्या प्रतींवर त्यानं लाल पेन्सिलीनं शेवटच्या दोन ओळींवर काट मारली, पाचही प्रतींवर, आणि कागद फाइलमध्ये ठेवले.

परत येताना एसटी घोटीला चहासाठी थांबली. सगळे उतरले. मी कपात बुडवलेलं बिस्कीट तोंडापर्यंत नेलं आणि ते तुटून कपात पडलं. रकान्यात मी काय लिहिलंय ते मला आठवलं, अक्षर न् अक्षर. गाण्यात आहे. आणि गाण्यात आता नव्हतं. काट मारताना मी समोर उभी होते.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाना पलीकडच्या बाकावर बसून भजी खात होते, खुशीत होते, ढोलकीवाल्याची थट्टा करत होते. मी स्वतःशी म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, साहेबांना सांगून मुंबईला पत्र पाठवू. मग म्हटलं, दिल्लीला कुठे निवडलं जाणार आहे, इतकी राज्यं पडलीत, उगाच कशाला. असं म्हणत म्हणत मी मूग गिळून बसले. तोंडाळ म्हणून अख्ख्या कॉलनीत माझी ख्याती, आणि बोलायच्या वेळी माझ्या तोंडाला कुलूप.

अडीच महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं. निवड झाली होती. देशाचं गाणं म्हणून आमचा कोळशाचा पाळणा जाणार होता. साहेब स्वतः पत्र घेऊन कोळसा खात्यात गेले, चकचकीत बूट काळे करून. कॉलनीत पेढे वाटले. पत्रात पुढे लिहिलं होतं, की दिल्लीत शिकलेले कलाकार गाणं गातील आणि त्याची टेप परदेशी जाईल, मूळ पार्टीनं यायचं कारण नाही. पेटीवाल्या काकांचं तोंड उतरलं. नाना मात्र म्हणाले, "गळा त्यांचा असू दे. गाणं तर आपलं हाय."

माझा पेढा मी शेजारच्या पोराला देऊन टाकला.

मग एका रविवारी सकाळी रेडिओवर ते गाणं लागणार असं कळलं. आमच्या ओट्यावर रेडिओ ठेवला. शेजारपाजारचे जमले, देवळाली कॅम्पाहून मामा आला. निवेदिकेनं गोड आवाजात सांगितलं की आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारतातर्फे निवडलेलं हे महाराष्ट्रातलं पारंपरिक अंगाईगीत, रचनाकार अज्ञात. आणि गाणं सुरू झालं. काय गायलं होतं ते. बासरी होती, सतार होती, बाईंचा आवाज तर असा की कोळसासुद्धा खरंच झोपावा. चार कडवी झाली आणि बासरी वाजवत गाणं संपलं.

सगळे नानांकडे बघत होते. शेवटी मामा म्हणाला, "नाव नाही घेतलं, दाजी."

नानांनी उठून रेडिओ बंद केला. त्यांचे कान लाल झाले होते. मला म्हणाले, "उद्या दिल्लीला पत्र टाक. फॉर्मवर नाव हाय म्हणावं, नीट बघा. माझ्या पोरीनं सोताच्या हातानं टाइप केलंय."

आणि मी ते पत्र टाइप केलं. याहून लाजिरवाणं काम मी आयुष्यात केलं नाही. नाना टेबलाशी उभे राहून सांगत होते आणि मी बोटं आपटत होते: अर्जदाराच्या कन्येने स्वहस्ते कवीचे नाव नमूद केलेले आहे, तरी कृपया तपासून पाहावे. पहिल्याला उत्तर नाही आलं. नानांनी दुसरं पाठवायला लावलं, मग तिसरं. दर वेळी माझ्या मनात यायचं, आता सांगते. दर वेळी नाना म्हणायचे, "हाफिसातल्या लोकांना वाचायला नको, दुसरं काय." आणि मी मान हलवायचे.

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. पत्र दोन ओळींचं होतं, पण सोबत माझ्याच फॉर्मची नक्कल जोडली होती. नानांनी ती ओट्यावर बसून वाचली. त्यांना वाचायला वेळ लागायचा, बोट फिरवत वाचायचे. संगीत या रकान्यावरून बोट खाली आलं आणि कवीच्या रकान्यावर थांबलं. ते तिथेच राहिलं.

मी म्हटलं, "नाना, मला घोटीलाच आठवलं होतं." आणि मग जे काही पोटात साठलं होतं ते सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, आईच्या पदरात तोंड घालून.

नानांनी रकान्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मी सांगितलं तेच तू लिहिलंस. मुंबईला होतं तोवर बरोबर होतं." कागदाची घडी घातली, गाण्याच्या वहीत ठेवली आणि कामावर गेले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. आठवडाभर ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, आणि मला ते सोसवत नव्हतं. स्पर्धेत आपल्या देशाचं गाणं कितवं आलं ते कुणी कळवलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पार्टी पुढे चालू राहिली, पण तो पाळणा, रेडिओवर अधूनमधून लागत असला तरी, नानांनी परत म्हटला नाही. कुणी फर्माइश केली तर "घसा बसलाय" म्हणायचे.

नानांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. जिथे लिहायचं होतं तिथे लिहिलं नाही, आता इथे लिहून काय मिरवायचं आहे?

चार-पाच वर्षं गेली. मी नोकरीत कायम झाले, लग्न झालं, नाशिकरोडलाच राहायला गेले. नानांच्या खात्यातल्या एका शेतकरी गड्याला नात झाली, त्यानं बारशाला बोलावलं. गाव जवळच होतं, द्राक्षाच्या मळ्यांतलं. नाना आणि मी दोघं गेलो. बायका पाळण्याभोवती, पुरुष ओट्यावर सतरंजीवर. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि एका म्हातारीनं पाळण्याची दोरी हातात घेऊन गायला सुरुवात केली: नीज नीज रे कोळशा.

बाकीच्या बायकाही गाऊ लागल्या. सगळ्यांना पाठ होतं. मी मान वळवून नानांकडे बघितलं. घुगऱ्यांचा हात तोंडाशी तसाच थांबला होता.

म्हातारी चौथ्या कडव्यापर्यंत आली. "खांब उभे रानोमाळ" असं होतं तिथे ती "वारा घुमे रानोमाळ" म्हणाली. संपलं. मला राहवलं नाही. मी जन्मात कधी चारचौघांत गायले नव्हते, माझा आवाज म्हणजे फुटकी घागर. पण मी उभी राहिले आणि पाचवं कडवं म्हटलं, नानांच्या नावासकट, गावासकट.

म्हातारीनं माझ्याकडे वरखाली बघितलं. म्हणाली, "त्यात असलं कडवं नाय बाई. चारच हायेत. माझी सासू म्हणायची, मला ठाव नाय का?"

मी म्हटलं, "आजी, हे गाणं पाच वर्षांपूर्वीचं आहे."

"पाच?" ती हसली, बाकीच्याही हसल्या. "कुणीतरी मागून घुसडलंय ते. आजकाल ज्याला त्याला आपलं नाव लावायची लय हौस."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ओट्यावरून नानांचा आवाज आला. "आजी, ते कंदिलाचं परत म्हणा बरं."

तिनं म्हटलं. नानांनी डोळे मिटून ऐकलं. शब्द बदललेला त्यांना कळला असणारच, पण त्यांनी उरलेल्या घुगऱ्या खाल्ल्या, गड्याच्या नातीच्या हातावर अकरा रुपये ठेवले आणि आम्ही निघालो.

मळ्यातून रस्त्याकडे चालताना मी रागानं धुमसत होते. म्हटलं, "नाना, तुम्ही गप्प का बसलात? हाच तो माणूस, असं मी सांगणार होते."

"कुणाला सांगणार? त्या म्हातारीला? तिच्या सासूचं गाणं हिसकून घ्यायचं?"

"तिच्या सासूचं नाही ते. तुमचं आहे."

नाना मग म्हणाले, "एक सांगू का? मुंबईला त्या व्हरांड्यात तू 'नाही' म्हणाली असतीस, फॉर्मवर नाव नाही म्हणून, तर मी कंदिलाचं कडवं काढणार होतो."

मी थांबले. त्यांच्या आईचं कडवं.

"ठरवलं होतं मी," ते म्हणाले. "दोन बोटं धरून उभा होतो ना, तेव्हाच. नाव ठेवायचं आणि आईला काढायचं. तू आहे म्हणालीस म्हणून ती राहिली."

ते पुढे चालू लागले. मला रस्त्यातच रडू फुटलं, आणि नाना न थांबता म्हणाले, "चल, बस चुकंल."